रिकाम्या दिसणाऱ्या पुळणीवर जनावरं कशी शोधायची

खडकाळ किनाऱ्यावर माणसांना घेऊन गेलं की ती खूश होऊन परततात. डबक्यात मासे असतात, कपारीत खेकडे असतात, खडकाला कालवं चिकटलेली असतात. पुळणीवर नेलं की दहाव्या मिनिटाला कुणीतरी विचारतंच, "इथे तर नुसती वाळू आहे, बघायचं काय?" मग भेळेची गाडी दिसते आणि विषय संपतो.

खडकाला धरून बसता येतं, वाळूला येत नाही. दर लाटेबरोबर तिचे कण जागा सोडतात. म्हणून इथे राहायचं तर वाळूच्या आत शिरावं लागतं, आणि लाटेने उघडं पाडलं तर पुढची लाट यायच्या आत पुन्हा शिरावं लागतं. पुळण रिकामी वाटते कारण सगळी मंडळी घरात असतात. कोण कुठल्या ओळीत राहणार हे पाणी ठरवतं. वाळूवर पाणी किती वेळ असतं, ओहोटीनंतर वाळूत किती टिकतं आणि येताना किती जोरात येतं, एवढं ओळखता आलं की जनावरं आपोआप सापडायला लागतात. हे ओळखायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. दोन सकाळी आणि एक चाळण पुरते.

पहिली पायरी : तारीख नको, तिथी बघा

नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. रविवार मोकळा असतो म्हणून तो रविवारी अकराला पोचतो, तेव्हा भरती लागलेली असते. जे बघायचं ते सगळं कमरेएवढ्या पाण्याखाली. मी स्वतः सुरुवातीचे तीन-चार रविवार असेच घालवले.

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि रोज ती साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे ३ वाजता पूर्ण भरती. अष्टमीला ६ वाजता. त्यात सहा तास आणि वर बारा-पंधरा मिनिटं मिळवली की ओहोटीचा तळ. हा हिशेब मुंबई-रायगडकडे चांगला जुळतो. दक्षिणेला जाल तसा फरक पडतो, तासभर मागे-पुढे धरून चला. पक्क्या वेळेसाठी भरती-ओहोटीचा तक्ता मोबाइलवर मिळतोच. पण तिथीचा हिशेब डोक्यात असला की कॅलेंडर बघूनच महिन्याचे दिवस राखून ठेवता येतात.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. भरती खूप वर चढते आणि ओहोटीही तितकीच खाली उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी आळसावल्यासारखं थोडंच हलतं. भांगाच्या दिवशी खालच्या पट्ट्यातली जनावरं दिसणारच नाहीत, कारण तो पट्टा उघडाच पडत नाही. मला विचाराल तर प्रतिपदा ते तृतीया हे दिवस उत्तम. उधाणाचा जोर टिकलेला असतो आणि ओहोटीचा तळ सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान येतो. उजेड आहे, ऊन नाही, गर्दी नाही. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, म्हणून तक्त्यात कोणती जास्त खाली जाते तेही पाहा.

पोचायचं मात्र तळाच्या दीड तास आधी. पाणी उतरतं तसं त्याच्यामागे खाली जायचं आणि ते वळलं की त्याच्यापुढे वर यायचं.

दुसरी पायरी : पुळण निवडा

सगळ्या पुळणी सारख्या नसतात, आणि नवशिक्याने सुंदर पुळण निवडू नये, सपाट निवडावी.

हिशेब करून बघू. समजा उधाणाच्या भरतीत आणि ओहोटीत उभा फरक ३ मीटरचा आहे. वाळू दर ५० मीटरला १ मीटर उतरत असेल तर उघडा पडणारा पट्टा १५० मीटर रुंद. दर १० मीटरला १ मीटर उतरत असेल तर फक्त ३०. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं, तो पहिला प्रकार. गणपतीपुळ्याची पुळण झपकन खोल होते, तो दुसरा. मुंबईकडे भरती-ओहोटीचा फरक उधाणात ४ मीटरच्याही वर जातो. खाली गोव्याकडे तो दोन-सव्वादोन मीटरवर येतो, म्हणून तिकडे सपाट पुळणसुद्धा तुलनेने कमी उघडी पडते.

फरक नुसत्या रुंदीचा नाही. सपाट पुळणीवर लाट लांबवर फुटते आणि किनाऱ्यापर्यंत येईतो दमलेली असते. पाण्याचा पातळ पदर सावकाश वर चढतो, सावकाश उतरतो. वाळू बारीक राहते, ओलावा धरून ठेवते. उतरत्या पुळणीवर लाट अगदी पायाशी येऊन आदळते, धाडकन वर जाते आणि धाडकन परतते. बारीक कण तिथे टिकत नाहीत, भरड वाळू उरते आणि तिच्यातून पाणी चाळणीतून गळावं तसं गळतं. गाळून खाणाऱ्या शिंपल्याला तिथे खायला सवड मिळत नाही आणि लाटेने उपटलं तर पुन्हा गाडून घ्यायलाही मिळत नाही. म्हणून सपाट, बारीक वाळूच्या पुळणीवर जाती जास्त, जनावरंही जास्त. उतरत्या पुळणीवर बहुतेक वेळा वरच्या कोरड्या भागातले खेकडे तेवढे भेटतात, कारण त्यांचा लाटेशी थेट संबंध कमी.

वाळू बोटांत चोळून बघा. रांगोळीसारखी लागली तर बारीक, साखरेसारखी दाणेदार लागली तर भरड. बोटांना चिकटून डाग पडला तर तो गाळ आहे, म्हणजे तुम्ही खाडीच्या मुखाजवळ आलात. तिथली वस्ती वेगळी. नराचा एक डेंगा (नांगी) अंगापेक्षा मोठा असलेले फिडलर खेकडे, आणि तिसऱ्या, मुळे या खायच्या शिंपल्या. तिथे कुणी मावशी ओहोटीला तिसऱ्या काढत बसली असेल तर तिच्याजवळ जरा वेळ बसा. तक्त्यात नसलेलं बरंच काही कळतं.

तिसरी पायरी : सामान

फार काही नाही. एक खुरपं. रव्याची चाळण, म्हणजे साधारण १ मिलिमीटर जाळीची (घरातली नेऊ नका, परत स्वयंपाकघरात कुणी घेणार नाही). एक पांढरं पसरट ताट, त्यात जनावरं ठळक दिसतात. भिंग. गाठी मारलेली २० मीटर सुतळी. बांबूच्या कामट्यांची २५ सेंटिमीटर बाजूची चौकट. वही आणि शिसपेन्सिल, कारण शाई ओली होऊन पसरते. पायात सँडल असू द्या. अनवाणी चालायचा मोह होतो, पण आपल्या पुळणीवर फुटक्या बाटल्या असतात.

चौथी पायरी : आधी दहा मिनिटं उभे राहा

पुळणीच्या माथ्यावर, सुरूच्या बनाच्या कडेला, समुद्राकडे तोंड करून उभे राहा. खाली जायची घाई नको. आता ओळी शोधा.

सगळ्यात वर मर्यादवेल. नावच सांगतं, समुद्राची मर्यादा इथवर. तिच्या खाली कचऱ्याची ओळ : शेवाळ, काटक्या, नारळाची सालं आणि हल्ली बाटल्यांची झाकणं. ही मागच्या भरतीची सही. उधाणाची वेगळी आणि भांगाची वेगळी, अशा कधी दोन-तीन ओळी समांतर दिसतात. त्याखाली वाळू गडद होते, ती ओल. आणखी खाली एका ठिकाणी वाळू आरशासारखी चमकायला लागते. ही चमकणारी ओळ नवखे लोक ओलांडून जातात, पण माझ्या मते पुळणीवरची सगळ्यात कामाची खूण हीच. भरतीत वाळूत मुरलेलं पाणी इथे बाहेर झिरपत असतं. हिच्या वर ओहोटीत पाणी खाली जातं, हिच्या खाली वाळू कायम भिजलेली.

अभ्यासकांनी या पट्ट्यांवर बराच वाद घातलाय. स्वीडनच्या एरिक दाल यांनी १९५२ मध्ये कुठल्या कुळातले कवचधारी (खेकडे-कोळंबीच्या गटातले जीव) कुठे राहतात त्यावरून तीन पट्टे मांडले. फ्रान्सच्या बर्नार साल्वा यांनी १९६४ मध्ये ओलाव्यावरून चार : कोरडा, ओल धरणारा, झिरपणारा आणि भिजलेला. मी साल्वांच्या बाजूचा, कारण त्यांचे पट्टे पायाला कळतात. प्रत्यक्षात ओळी इतक्या रेखीव नसतात आणि जनावरं पाण्याबरोबर वरखाली सरकतात, तरी सुरुवातीला आधार म्हणून ही मांडणी पुरेशी आहे.

पाचवी पायरी : वरून खाली उतरत जा

कोरडा पट्टा हा भूत-खेकड्यांचा. वाळूच्याच रंगाचे, देठावर डोळे, आणि पळ असा की डोळ्यांपुढून काहीतरी गेलं एवढंच कळतं. पूर्ण वाढलेल्या एका जातीच्या डोळ्यांवर शिंगासारखी टोकं असतात, ती दिसली तर ओळख पक्की. त्यांची बिळं पाहा. तोंडाशी उकरलेल्या वाळूचा पंखा पसरलेला असेल आणि ती वाळू अजून ओलसर असेल तर मालक घरात आहे. बीळ तिरकं जातं, मोठ्या खेकड्याचं मीटरभरसुद्धा खोल. इतकं खोल कशासाठी? हा खेकडा हवेत वावरतो, पण श्वास कल्ल्यांनीच घेतो आणि कल्ले ओले राहावे लागतात. म्हणून बीळ ओल्या वाळूपर्यंत पोचलंच पाहिजे. पायांच्या मुळाशी केसांचे झुपके असतात, त्यांनी तो वाळूतली ओल शोषून घेतो. मार्चच्या दुपारी वर वाळूवर पाय ठेववत नाही, वीतभर खाली मात्र ती गार असते. तेव्हा तो दार वाळूने बंद करून आत बसतो.

बिळांचे व्यास मोजत खाली या. बहुतेक ठिकाणी वर मोठी बिळं आणि पाण्याकडे लहान अशी रचना दिसेल. पिल्लं खोल उकरू शकत नाहीत, म्हणून ओल जवळ असेल तिथे राहतात.

आता बसा. खरंच बसा, पाच-दहा मिनिटं, न हलता. पावलांची थरथर थांबली की एकेक डोळा वर येतो. माझ्याबरोबर येणाऱ्या दहांपैकी सात जणांना हे जमत नाही, आणि नेमकं तेच लोक नंतर म्हणतात की काही दिसलं नाही.

कचऱ्याची ओळ उलटून बघा. शेवाळाच्या ढिगाखाली टुणकन उड्या मारणारे वाळूपिसू, माश्या, भुंगेरे असतात. त्यांचं जेवण समुद्राकडून येतं आणि त्यांना खायला चिखले पक्षी येतात. प्लास्टिक उचला, शेवाळ राहू द्या. यंत्राने किंवा फावड्याने सगळी ओळ साफ केलेली पुळण फोटोत छान दिसते, पण तिथे या मंडळींच्या ताटातलं जेवणच काढून घेतलेलं असतं.

याच पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं घरटं करतात. वेळासला २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने संवर्धन सुरू केलं, आंजर्ले आणि इतर गावं पुढे त्यात आली. मादी भरतीच्या ओळीच्या वर खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघतात. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग समुद्रातून वर आलेला दिसला तर उकरू नका, वन खात्याला किंवा गावातल्या कासवमित्राला कळवा.

ओलसर पट्ट्यावर पाऊल दाबून बघा. पावलाभोवती वाळू एकदम फिकी, कोरडी झाली तर ती घट्ट वाळू. दाबामुळे कण एकमेकांपासून सरकतात, पाणी खाली त्या फटींत ओढलं जातं आणि वाळू कडक होते. अशा वाळूत उकरणं आपल्यालाही जड आणि जनावरालाही. उलट पाऊल थरथरवल्यावर वाळू ढिली होऊन पाणी वर आलं तर तिथे शिरणं सोपं. इथे चौकट टाका आणि चमकणाऱ्या ओळीखाली आणखी एक टाका, मग दोन्हींत सापडणाऱ्या जनावरांतला फरक मोजा.

इथेच सकाळी वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. मधे एक छोटं भोक आणि त्याभोवती सूर्याच्या किरणांसारख्या गोळ्यांच्या रांगा. लोकांना ती विष्ठा वाटते. ती विष्ठा नाही. बोटाच्या पेरापेक्षाही लहान असा एक खेकडा ओहोटी लागली की बाहेर येतो, वाळूची चिमूट तोंडात घेतो, कणांवर चिकटलेलं सूक्ष्म शेवाळ आणि जीवाणू खरवडून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून देतो. मग एक पाऊल पुढे, पुन्हा चिमूट. एकदा चाळलेली वाळू पुन्हा चाळायची नाही म्हणून गोळ्या रांगेत पडतात. भरती आली की बिळाचं तोंड बंद करून हवेच्या बुडबुड्यासकट आत बसतो. त्याला शेवाळाचा थर बसेल इतकी बारीक आणि तोंडात घेता येईल इतकी ओली वाळू लागते. वाळू कोरडी पडली की त्याचं जेवण थांबतं. ज्या पुळणीवर हा भरपूर आहे तिथे लाट सौम्य आहे असं खुशाल समजा.

चमकणाऱ्या ओळीच्या खाली गंमत वाढत जाते आणि माझा वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो. पोलिशदार, बटणाएवढे, वेगवेगळ्या नक्षीचे गोल शंख दक्षिण कोकणातल्या काही पुळणींवर इथे मुठीने निघतात. गोगलगाय असूनही हे पाणी गाळून खातात. वाळूतून वर आलेली, शंखांचे तुकडे आणि काड्या चिकटवलेली चिंधीसारखी नळी दिसली तर ती एका किड्याचं घर आहे. ओढू नका, मालक खोलवर असतो आणि नळी तुटते. वाळूची शेवई पिळून ठेवल्यासारखे ढीग दिसले तर खाली वाळू खाऊन वाळूच बाहेर टाकणारा किडा आहे.

वाळूवर एक रुंद नागमोडी माग दिसेल आणि त्याच्या टोकाला किंचित उंचवटा. हळूच बोट घाला, चंद्रगोगलगाय मिळेल. ती शिंपल्यांची शिकारी. आता पायाखालच्या रिकाम्या शिंपल्या उचलून बघा. काहींना गिरमिटाने पाडल्यासारखं अगदी गोल भोक असतं, कडा आत उतरती. ते हिचं काम. आणि वाळूची कडक कॉलर, सदऱ्याची काढून ठेवल्यासारखी, सापडली तर ती तिची अंडी. वाळू आणि चिकट रस मिसळून तिने ती बांधलेली असते. मुलं हमखास मोडतात, आधीच सांगून ठेवा.

लाट जिथे वर-खाली होते तो शेवटचा पट्टा. गुडघाभर पाण्यात जाऊ नका, घोट्याएवढ्यात थांबा. परतणारं पाणी पातळ होतं तेव्हा त्यात बाणाच्या टोकासारख्या खुणा उमटताना दिसतील. तिथे ओंजळभर वाळू झटकन उचला. अंडाकृती, गुळगुळीत, डेंगेच नसलेला एक खेकडा तळहातावर गुदगुल्या करेल. हा वाळूत नेहमी उलटा, मागे-मागे शिरतो, समुद्राकडे तोंड करून गाडून घेतो आणि पाणी परतताना पिसासारख्या मिशा पसरून त्यातले कण टिपतो. भरती चढली की हा वर सरकतो, उतरली की खाली. याचा पत्ता जागेवर नसतो, लाटेवर असतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जातीला १९६५ मध्ये संकोली या भारतीय संशोधकाने नाव दिलं. त्याच्याच शेजारी पाचरीच्या आकाराच्या नखाएवढ्या शिंपल्या असतात. लाटेने उघड्या पाडल्या की पाय काढून काही सेकंदांत पुन्हा उभ्या गाडून घेतात. ताटात ओली वाळू घालून त्यावर एक ठेवा आणि घड्याळ लावा.

सहावी पायरी : एकदा तरी खड्डा खणा

चमकणाऱ्या ओळीजवळ हातभर खड्डा करा. वर पिवळसर वाळू, खाली कुठेतरी राखाडी-काळी. काळ्या थराला सडक्या अंड्याचा वास येईल. प्राणवायू जिथे संपतो तिथे हा थर सुरू होतो. भरड, उतरत्या पुळणीवर लाट इतकं पाणी आत ढकलते की हातभर खणूनही तो लागत नाही. खाडीच्या गाळात बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर लागतो. म्हणजे भरड वाळूत हवा भरपूर पण ओल टिकत नाही, गाळात ओल भरपूर पण हवा नाही, आणि बारीक स्वच्छ वाळूत दोन्हींचा मेळ बसतो. अशा मधल्या पुळणी गजबजलेल्या असतात याचं हेही एक कारण.

रत्नागिरीजवळ मिऱ्या, काळबादेवीला मात्र फसू नका. तिथली काळी वाळू इल्मेनाइटची, म्हणजे जड खनिजाची. तिला चमक असते, वास नसतो.

खड्ड्यातली वाळू चाळणीत घेऊन पाण्यात हलवा आणि उरेल ते ताटात ओता. लाल-गुलाबी किडे, शिंपल्यांची पिल्लं, तांदळाएवढे कवचधारी. चाळणीतून जे निसटलं त्यातही कणांच्या फटीत राहणारे सूत्रकृमी आणि इतर जीव आहेत, पण त्यांना सूक्ष्मदर्शक लागतो. पहिल्या सकाळी त्यांच्या नादी लागू नका.

सातवी पायरी : सुतळी लावा, लिहून ठेवा

मर्यादवेलीपासून पाण्यापर्यंत सरळ रेषेत चाला. दर १० मीटरला चौकट टाका, १० सेंटिमीटर खोल वाळू काढा, चाळा, मोजा आणि सोडून द्या. प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी लिहा : वरून किती मीटर, वाळू कोरडी की ओली की भिजलेली, बारीक की भरड, आणि कोण किती. नाव माहीत नसेल तर चित्र काढा. "नखाएवढी जांभळट शिंपली" हीसुद्धा चांगली नोंद आहे. फोटो आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकले की जाणकार नाव सुचवतात. मुंबईत राहत असाल तर मरीन लाइफ ऑफ मुंबई हा गट २०१७ पासून किनारफेऱ्या काढतो, तिथे एखादी फेरी करा.

आणखी एक सोपा प्रयोग. गाड्या आणि टपऱ्यांसमोरच्या भागात १० मीटर रुंद पट्ट्यातली भूत-खेकड्यांची उघडी बिळं मोजा. मग किलोमीटरभर दूर, शांत भागात तेवढ्याच पट्ट्यात मोजा. पुळणीवर माणसाचा ताण किती आहे हे बघायला जगभरचे संशोधक हीच युक्ती वापरतात, कारण तिला खर्च शून्य. दोन्ही मोजण्या एकाच सकाळी करा. वेळ बदलली की उघड्या बिळांची संख्याही बदलते.

ऋतूंचं

जूनमध्ये लाटा पुळणीची वाळू ओढून समुद्रात नेतात. वरची सपाटी नाहीशी होते, उतार बदलतो, नद्यांच्या पाण्याने खारटपणा उतरतो. पावसाळ्यात चौकटी रिकाम्या निघतात, आणि असंही त्या काळात पुळणीवर खाली उतरू नये. ऑक्टोबरपासून वाळू परत येऊ लागते. बऱ्याच जातींची पिल्लं समुद्रात तरंगत वाढतात आणि पावसाळ्यानंतर वाळूत उतरतात. त्यामुळे हिवाळ्याच्या तोंडाला ताटात मोहरीएवढ्या शिंपल्यांचा सडा दिसतो. मार्चमध्ये त्याच जागी त्या मोठ्या पण मोजक्या असतात. एकाच पुळणीच्या एकाच रेषेवर वर्षातून चार वेळा सुतळी लावली तर हे सगळं तुमच्या वहीत उमटेल. दहा पुळणी एकदा बघण्यापेक्षा मला हे फार पटतं.

ज्या ठिकाणी धूप थांबवायला दगडी बंधारा घातलाय तिथे एक गोष्ट पाहा : पुळणीचा वरचा पट्टाच उरलेला नसतो. भरती थेट दगडावर येते. भूत-खेकडा आणि कासव यांची ओळच पुसली गेलेली असते, खालचे मात्र कसेबसे तग धरतात.

जपायच्या गोष्टी

उथळ पाण्यात वाळू अंगावर घेऊन पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, पडून असतं. पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे ते आधीच सटकतं. २०१३ मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर कितीतरी लोकांना पाकटांनी काटे मारले होते. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्टच्या सुमारास, निळ्या फुग्यासारखे जीव किनाऱ्याला लागतात. त्यांना निळी बाटली म्हणतात. मेलेली दिसली तरी दोरे डंख मारतात. डंख झाला तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने दोरे धुऊन काढा, मग गरम पाण्याचा शेक. श्वास जड झाला तर थांबू नका, दवाखाना गाठा. निळ्या बटणासारखी गोल चकती, कडेला झालर, ती वेगळी. ती तितकी त्रासदायक नाही, पण हात लावायची गरजही नाही. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढल्यावर वाळूवर टाकलेले समुद्रसाप जिवंत असू शकतात आणि विषारी असतात. शंकूच्या आकाराचा जिवंत शंखही हातात घेऊ नका. रिकामे शंख मूठभर उचलले तर हरकत नाही असं वाटतं, पण शंखातला खेकडा घर बदलायला तेच शोधत असतो. मी एकही आणत नाही.

रात्री जाणार असाल तर लाल कागद लावलेली विजेरी घ्या आणि जोडीला कुणीतरी असू द्या. भूत-खेकडे खरे रात्रीचेच, पाण्यापर्यंत उतरतात, मेलेले मासे ओढून नेतात, एकमेकांशी भांडतात. नोव्हेंबर ते मे या काळात कासवांच्या पुळणीवर मात्र रात्री उजेड घेऊन फिरू नका, पिल्लं उजेडाकडे वळतात.

निघताना ताटातली जनावरं जिथून घेतली त्याच ओळीत सोडा. लाटेतला खेकडा मर्यादवेलीपाशी सोडला तर तो परत पोचत नाही. आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवून, पायाने सपाट करून या. वितभर खोल खड्ड्यात पडलेलं कासवाचं पिल्लू आपल्या बळावर बाहेर येऊ शकत नाही, आणि पहाटे कावळे त्याच्या आधी उठलेले असतात.